गणपती उठले की ऑलिंपियाची तयारी: शहराच्या यादीत आपली मागणी कशी बसवायची

मी सिएटलच्या पूर्वेकडच्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहते. सिटी कौन्सिलपुढे पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तो फेब्रुवारी होता. शाळेकडे जाणारा रस्ता, मध्ये ओढा, ओढ्यावरचा पूल अरुंद, फुटपाथ नाही, पोरं गाड्यांच्या कडेकडेने चालतात. एवढंच सांगायचं होतं. सांगून झालं. बैठक संपल्यावर एक कौन्सिल मेंबर बाहेर थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्या मोठ्या पुलाचे पैसे शहराकडे नाहीत, ते राज्याकडे मागावे लागतील. पण राज्याकडे काय काय मागायचं, ती यादी आम्ही नोव्हेंबरात मंजूर करून टाकली. तुम्ही सप्टेंबरात यायला हवं होतं."

त्या यादीचं नाव स्टेट लेजिस्लेटिव्ह अजेंडा. वॉशिंग्टन राज्यातली बहुतेक मोठी शहरं दरवर्षी ती तयार करतात: येत्या अधिवेशनात राज्याच्या विधिमंडळाकडे आपलं शहर काय मागणार, कशाला पाठिंबा देणार, कशाला विरोध करणार. ती ठरवताना दारं उघडी असतात, मसुदा आधी प्रसिद्ध होतो, बोलायला वेळ मिळतो. तरी आपली माणसं तिथे दिसत नाहीत, कारण ही यादी असते हेच कुणी सांगितलेलं नसतं. या राज्यात नव्याने आलेल्यांसाठी, त्यातही व्हिसावर असलेल्यांसाठी, हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या: शहराला मागावं का लागतं

अमेरिकेच्या राज्यघटनेत शहर या गोष्टीचा उल्लेखच नाही. शहरं ही राज्यांची निर्मिती. वॉशिंग्टन राज्याच्या घटनेने शहरांना स्थानिक नियम करायची मुभा दिली आहे, पण राज्याच्या कायद्याशी विसंगत नसतील तोवरच. आणि कर लावायचा असेल तर विधिमंडळाने तशी परवानगी दिलेली असावी लागते.

याचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय होतो, ते घरभाड्यावरून बघा. सिएटलच्या कौन्सिलला वाटलं की भाडेवाढीवर मर्यादा घालावी, तरी ते घालू शकत नाही, कारण १९८१पासून राज्याचा कायदाच शहरांना भाडेनियंत्रण करायला मनाई करतो. २०२५मध्ये भाडेवाढीवर मर्यादा आली ती विधिमंडळाने आणली, सगळ्या राज्यासाठी एकच. तेव्हा भाड्याच्या प्रश्नावर कौन्सिलपुढे कितीही कळकळीने बोललात तरी त्यांच्या हातात एकच गोष्ट असते: राज्याकडे मागणी करणं.

आपल्याकडे हे नवीन नाही. जकात बंद झाल्यापासून महापालिका शासनाच्या भरपाईकडे डोळे लावून बसतात, ठराव करून मुंबईला पाठवतात, महापौर शिष्टमंडळ घेऊन मंत्रालयात जातात. इथे फरक एवढाच की मागण्यांची यादी वर्षातून एकदा, ठरलेल्या वेळी, सर्वांसमोर होते. म्हणून वेळ चुकली की वर्ष गेलं.

पहिली पायरी: आपलं कॅलेंडर त्यांच्या कॅलेंडरला जोडा

मी हे आपल्या सणांवर लक्षात ठेवते, आणि मंडळातल्या सगळ्यांना तसंच सांगते.

गणपती उठले की यादीचं काम सुरू होतं. बहुतेक शहरांत उन्हाळ्यात खात्याखात्यांकडून मागण्या गोळा होतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिला मसुदा कौन्सिलपुढे येतो. दिवाळीच्या आगेमागे चर्चा होते. नोव्हेंबरात किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला ठराव मंजूर होतो. याच दिवसांत कौन्सिल शहराचं बजेटही करत असतं, त्यामुळे यादीवरची चर्चा कधीकधी अर्ध्या तासात आटोपते. डिसेंबरात आमदार आपली विधेयकं आगाऊ दाखल करू लागतात आणि गव्हर्नरांचा बजेट-प्रस्ताव येतो. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे संक्रांतीच्या आठवड्यात किंवा जरा आधी, राज्याची राजधानी ऑलिंपिया इथे अधिवेशन भरतं.

विषम वर्षी अधिवेशन १०५ दिवसांचं, सम वर्षी ६० दिवसांचं. हा फरक मोठा आहे. राज्याचं बजेट दोन वर्षांचं असतं आणि ते विषम वर्षी होतं. सम वर्षी फक्त पुरवणी मागण्या, नागपूरच्या अधिवेशनात असतात तशा. म्हणून मोठ्या पैशांची मागणी असेल तर सम वर्षाच्या सप्टेंबरात पोहोचा, म्हणजे ती पुढच्या जानेवारीच्या लांब अधिवेशनात जाईल. छोटी कायदादुरुस्ती असेल तर कुठलंही वर्ष चालतं.

दुसरी पायरी: गेल्या वर्षीची यादी शब्दाशब्दाने वाचा

शहराच्या वेबसाइटवर 'स्टेट लेजिस्लेटिव्ह अजेंडा' असं शोधा. साधारण दोन ते दहा पानांचा कागद मिळेल. लहान शहरांत तो एका पानाचाही असतो.

वाचताना दोन थर ओळखायचे. वरचा थर 'प्रायॉरिटीज'चा: तीन, चार, फार तर सहा गोष्टी. यांसाठी शहराचा लॉबिस्ट, म्हणजे शहराच्या वतीने आमदारांकडे पाठपुरावा करणारा पगारी माणूस, अधिवेशनभर त्यांचे उंबरे झिजवतो. मोठ्या शहरांचं यासाठी स्वतंत्र खातं असतं, मध्यम शहरं बहुधा कंत्राटी लॉबिस्ट ठेवतात. खालचा थर 'पॉलिसी पोझिशन्स'चा, लांबलचक. त्यातल्या मुद्द्यांवर विधेयक आलंच तर शहर आपलं मत नोंदवतं. स्वतःहून धावपळ करत नाही.

आता क्रियापदं बघा. 'रिक्वेस्ट्स' म्हणजे शहर मागतंय. 'सपोर्ट्स' म्हणजे दुसरं कुणी मागत असेल तर आमची हरकत नाही, मान डोलावतो. 'मॉनिटर्स' म्हणजे नुसतं बघतोय. आमच्या पुलाचा मुद्दा दुसऱ्या वर्षी मसुद्यात आला तेव्हा वाक्य असं होतं की शाळांच्या परिसरात सुरक्षित चालण्यासाठी राज्याने केलेल्या प्रयत्नांना शहराचा पाठिंबा आहे. ऐकायला छान. पण त्यात ना पूल, ना रक्कम, ना शहराची मागणी. आम्ही चार बायका त्या मंगळवारी गेलो आणि चौघींनी एकच विनंती केली: 'सपोर्ट्स'च्या जागी 'रिक्वेस्ट्स' करा आणि पुढे पुलाचं नाव घाला. एका मेंबरने तिथल्या तिथे दुरुस्ती मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, मतदान झालं. दोन मिनिटं लागली असतील. त्या रात्री तो पूल खालच्या थरातून वरच्या थरात आला. घरी येऊन मी तो दुरुस्त मसुदा दोनदा वाचला.

तिसरी पायरी: गाऱ्हाण्याची मागणी करा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपण प्रश्न सांगतो, कौन्सिलला मागणी हवी असते. 'ट्रॅफिक फार वाढलाय' हे गाऱ्हाणं झालं. त्याची मागणी करायची तर तीन गोष्टींचा छडा लावायचा.

हे कुणाच्या अखत्यारीत आहे? शहर स्वतः करू शकत असेल तर ती गोष्ट या यादीची नाहीच, ती थेट शहराच्या बजेटमध्ये मागा. शाळेचं असेल तर इथे स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळी संस्था आहे, तिचं बोर्ड वेगळं. बसचं असेल तर सिएटलभोवतीच्या किंग काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) काउंटी, इतर बहुतेक ठिकाणी बससेवेची वेगळी संस्था. इमिग्रेशनचं असेल तर केंद्र सरकार. त्यासाठी कित्येक शहरं वेगळा फेडरल अजेंडा करतात.

राज्याकडून नेमकं काय हवंय? पैसे, परवानगी, की संरक्षण? पैशांची मागणी असेल तर राज्याची बजेटं तीन आहेत: चालू खर्चाचं, भांडवली आणि वाहतुकीचं. आपलं काम कुठल्यात बसतं ते शहराच्या कर्मचाऱ्यांना फोन करून विचारा. ते सांगतात, मनापासून सांगतात.

परवानगीची मागणी मला सगळ्यात आवडते, कारण तिला राज्याच्या तिजोरीतला पैसा लागत नाही आणि ती सगळ्या राज्याच्या कामी येते. २०१३पूर्वी निवासी गल्लीत वेगमर्यादा ताशी २० मैल करायची तर शहराला आधी इंजिनिअरिंगचा अभ्यास करून घ्यावा लागे. तो खर्चिक, त्यामुळे शहरं त्या वाटेला जात नसत. सायकलवाले, पायी चालणारे आणि शहरं मिळून एवढंच मागत राहिले की मुख्य नसलेल्या रस्त्यांवर हा निर्णय शहराला त्या अभ्यासाशिवाय घेऊ द्या. २०१३मध्ये कायदा झाला. मागणी एका वाक्याची, आणि तिचा उपयोग राज्यातल्या कुठल्याही शहराला.

२०२५चं उदाहरणही असंच. पोलिसांसाठी पैसे हवेत ही शहरांची जुनी मागणी. एचबी (हाउस बिल, म्हणजे खालच्या सभागृहातलं विधेयक) २०१५ या कायद्याने १० कोटी डॉलरचा अनुदान-निधी उभा केला आणि अटी पूर्ण करणाऱ्या शहरांना ०.१ टक्का विक्रीकर कौन्सिलच्या मतावर लावायची परवानगी दिली. म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीवर १० सेंट. तुमच्या शहरात तो लावायचा की नाही, हे मात्र तुमच्या कौन्सिलने ठरवायचं. म्हणजे तो पुढचा विषय पुन्हा तुमच्या गावात.

संरक्षणाची मागणी म्हणजे 'आमच्या अधिकारात हात घालू नका'. २०२३चा एचबी १११० बघा. ७५ हजारांवर वस्तीच्या शहरांत निवासी प्लॉटवर किमान चार घरं बांधू द्यायला हवीत, २५ ते ७५ हजारांच्या शहरांत दोन, असं राज्याने ठरवलं. काही शहरांनी घरं वाढतील म्हणून स्वागत केलं, काहींना तो आपल्या हक्कावर घाला वाटला. अशा विषयात तुमच्याच शहराच्या यादीत 'लोकल कंट्रोल' (स्थानिक अधिकार) हा शब्द कुठे आलाय ते बघा. तो निरुपद्रवी दिसतो. पण घरांच्या बाबतीत त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा होतो की राज्याने स्वस्त घरांसाठी नियम सैल केले तर शहर विरोधात उभं राहील. भाड्याने राहणाऱ्या माणसाने त्या दोन शब्दांवर बोललंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा छडा: आपल्यासोबत आणखी कोण आहे? राज्यात २८१ शहरं आहेत आणि त्यांची एक संघटना आहे, असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन सिटीज. तिचीही स्वतःची यादी असते. तुमची मागणी त्या यादीशी जुळत असेल तर वजन कितीतरी वाढतं. पण जुळली म्हणजे मिळालीच असं नाही. मालमत्ता कराचं बघा. २००१मध्ये मतदारांनी इनिशिएटिव्ह (लोकांनी सह्या गोळा करून थेट मतदानाला आणलेला कायदा) ७४७ मंजूर केला: मतदारांना न विचारता शहराच्या मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला १ टक्क्याहून जास्त वाढवता येणार नाही, नवीन बांधकामाचा कर वगळून. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २००७च्या नोव्हेंबरात रद्द केला, आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने खास अधिवेशन भरवून तीच मर्यादा पुन्हा आणली. २ कोटी डॉलर वसुली असलेल्या शहराला वर्षाला २ लाख वाढवून मिळतात; त्यात पगारही वाढायचे, डांबरही महागायचं. शहरं ही मर्यादा सैल करा म्हणून वर्षानुवर्षं मागतायत. २०२४मध्ये ती ३ टक्क्यांपर्यंत नेणारं विधेयक आलं, अडलं. २०२५मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा अडला. शहराचा कुठलाही अधिकारी 'पैसे नाहीत' म्हणाला की त्या उत्तरामागे हा १ टक्का असतो. हे ठाऊक असलं की तुमची मागणीही जास्त शहाणी होते, आणि समोरच्या माणसाशी तुम्ही जास्त समजुतीने बोलता.

चौथी पायरी: आधी पत्र, मग भेट, मग माइक

मसुदा येण्याआधीच कौन्सिलला ई-मेल पाठवा. एका पानाचा, वर एका ओळीत मागणी. मग एखाद्या मेंबरकडे पंधरा मिनिटं मागा. इथले मेंबर वेळ देतात. कॉफीच्या दुकानात, ग्रंथालयात भेटतात. आपल्या नगरसेवकासारखा कार्यकर्त्यांचा गराडा नसतो, एकटं माणूस समोर येऊन बसतं. अनेक मध्यम शहरांत महापौरापेक्षा कौन्सिलने नेमलेला सिटी मॅनेजर कारभार हाकतो, पण यादीवर मत मेंबरच देतात. तेव्हा भेटायचं मेंबरांना.

मग बैठक. वॉशिंग्टनमध्ये खुल्या बैठकांचा कायदा १९७१पासून आहे, आणि २०२२पासून ज्या नियमित बैठकीत अंतिम निर्णय व्हायचा असेल तिथे किंवा तिच्या आधी लोकांचं म्हणणं ऐकणं बंधनकारक आहे, तोंडी किंवा लेखी. तोंडी असेल तर साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. समोर दिवा असतो: हिरवा, मग पिवळा, मग लाल. तीन मिनिटं म्हणजे सावकाश बोललेले साडेतीनशे शब्द. मी घरी ओट्याजवळ फोनवर वेळ लावून म्हणून बघते. इंग्रजी उच्चारांची काळजी करू नका. त्या खोलीत व्हिएतनामी, रशियन, स्पॅनिश, चिनी, सगळे सूर ऐकू येतात.

पहिल्या वाक्यात नाव, राहता भाग आणि मागणी: "तुमच्या राज्य-यादीत अमुक पुलाची मागणी प्रायॉरिटी म्हणून घाला." मग एक प्रसंग, डोळ्यांनी बघितलेला. मी सांगितलं होतं की सकाळी आठ वाजता पुलावर समोरून ट्रक आला की माझी मुलगी दप्तर पोटाशी धरून कठड्याला पाठ लावून उभी राहते. मग ते राज्याने का करावं याचं एक कारण. मग पुन्हा मागणी, त्याच शब्दांत. थांबा. लाल दिव्याच्या आधी थांबलेल्या माणसाचं म्हणणं लक्षात राहतं.

दहा जणांनी एकच कागद वाचण्यापेक्षा तिघांनी तीन वेगळे प्रसंग सांगितलेले बरे. आजी-आजोबा इथे आलेले असतील तर त्यांनाही न्या. जो रोज त्या रस्त्याने नातवाला आणायला जातो, त्याच्याइतका जाणकार साक्षीदार दुसरा नाही.

पाचवी पायरी: यादी मंजूर झाल्यावर ऑलिंपिया

मुद्दा यादीत आला म्हणजे काम झालं असं समजू नका. राज्यात ४९ लेजिस्लेटिव्ह डिस्ट्रिक्ट, म्हणजे मतदारसंघ, आहेत, प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी, एकूण १४७. तुमचे तिघे शोधून काढा. एकाच शहराचे तुकडे दोन-तीन डिस्ट्रिक्टांत असू शकतात, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीचे तिघे वेगळे निघतील. भांडवली बजेटमध्ये स्थानिक कामासाठी आमदारालाच अर्ज पुढे न्यावा लागतो, आणि त्याची मुदत अधिवेशन सुरू झाल्यावर लगेच संपते. म्हणून शहराला डिसेंबरातच विचारा: अर्ज कोण भरतंय, कुठला आमदार नेतोय?

विधेयकाचा क्रमांक लिहून ठेवा. हाउसची विधेयकं १०००पासून, सिनेटची ५०००पासून. दर काही आठवड्यांनी 'कटऑफ' येतो. तोवर समितीतून, मग सभागृहातून, मग दुसऱ्या सभागृहातून पुढे सरकलं नाही तर विधेयक त्या वर्षापुरतं थांबतं. विषम वर्षी अडलेलं विधेयक पुढच्या सम वर्षी पुन्हा जिवंत होतं, नवा क्रमांक लागत नाही.

सिएटलहून ऑलिंपिया साठ मैलांवर. पण जायची गरज नाही. २०२१पासून समितीपुढे घरून व्हिडिओवर बोलता येतं. सुनावणीच्या एक तास आधीपर्यंत नाव नोंदवायचं. बोलायचं नसेल तर नुसतं 'प्रो' (बाजूने) किंवा 'कॉन' (विरोधात) नोंदवा, दोन मिनिटांचं काम आहे. लेखी म्हणणं सुनावणीनंतर २४ तासांपर्यंत घेतात. मिटिंगांच्या मधल्या वेळात जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी दोनदा बोलले आहे. समितीचा अध्यक्ष कधी एकच मिनिट देतो, तेव्हा एका मिनिटाचाही मजकूर जवळ ठेवा.

व्हिसावर असलात तर

मत देता येत नाही. निवडणुकीसाठी देणगी देता येत नाही. ती नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच देता येते. पण कौन्सिलपुढे बोलणं, पत्र लिहिणं, आमदाराला भेटणं, समितीपुढे साक्ष देणं याला नागरिकत्व लागत नाही. विनामोबदला, स्वतःचं म्हणणं मांडणाऱ्याला लॉबिस्ट म्हणून नोंदणीही करावी लागत नाही. एच-१बीवर असलेला माणूस भाड्यातून घरमालकाचा मालमत्ता कर भरतो, दुकानात विक्रीकर भरतो, त्याची मुलं त्याच रस्त्याने शाळेत जातात. बोलताना नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव घेऊ नका, रहिवासी म्हणून बोला.

शहर तुमच्या पैशाने लॉबिंग करतं, त्याचा हिशेबही तुम्हाला बघता येतो. १९७२मध्ये मतदारांनी इनिशिएटिव्ह २७६ मंजूर केला आणि त्यातून पब्लिक डिस्क्लोजर कमिशन आलं. लॉबिंग करणाऱ्या शहरांना त्याच्याकडे दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. सरकारी कागद मागायचा हक्कही त्याच इनिशिएटिव्हने दिला, आपल्या माहिती अधिकारासारखा. शहराने कुठल्या विधेयकावर काय मत नोंदवलं याबद्दल शंका आली तर मागा, अर्जाला कारण द्यावं लागत नाही.

अधिवेशन उठल्यावर

एप्रिल-मेमध्ये, सम वर्षी मार्चअखेरीला, शहराचा लॉबिस्ट कौन्सिलपुढे अहवाल मांडतो: काय मिळालं, काय अडलं, कुठे अडलं. त्या बैठकीला दोन-चार माणसंही नसतात. तिला जरूर जा, कारण पुढच्या यादीचं बी तिथेच पडतं. आमच्या पुलाला पहिल्या वर्षी काही मिळालं नाही. अहवालात एकच ओळ होती की डिझाइन तयार नसल्याने मागणी मागे पडली. मग आम्ही त्या उन्हाळ्यात राज्याऐवजी शहराकडे गेलो आणि फक्त डिझाइनचे पैसे मागितले. ते मिळाले. नकाशा आता सिटी हॉलच्या भिंतीवर लागलाय, फुटपाथ दोन्ही बाजूंना आहे, कठडा उंच आहे, आणि सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी यादीचा मसुदा पुन्हा येतोय.